गुलामाचं पत्र

पुणे धर्मप्रांताच्या बिशपांचं आसन ज्या कथीड्रलमध्ये आहे, त्याला पळून गेलेल्या एका गुलामाचं नाव आहे. रेसकोर्सच्या बाजूला, एम्प्रेस गार्डनजवळ हे सेंट पॅट्रिक्स कथीड्रल उभं आहे. बिबवेवाडीहून गंगाधाम चौक, लुल्लानगर करत कॅम्पात किंवा हडपसरकडे जाणाऱ्यांच्या कानावर हे नाव कधी ना कधी आलेलं असतं. पॅट्रिक हा आयर्लंडचा संत, त्याने त्या बेटावरचे सगळे साप समुद्रात हाकलले आणि त्याच्या सणाला, १७ मार्चला, जगभरचे आयरिश लोक हिरवे कपडे घालून मिरवणुका काढतात, इतकी माहितीही पुष्कळांना असते.

यातली सापांची गोष्ट घडलेली नाही. हिरवा रंगही बराच नंतरचा आहे. घडलेलं जे आहे, ते पॅट्रिकने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याची दोन लेखनं आज उपलब्ध आहेत. एक आपल्या आयुष्याचं निवेदन आणि दुसरं एका सरदाराच्या सैनिकांना उद्देशून लिहिलेलं पत्र. दोन्ही लॅटिनमध्ये, दोन्ही पाचव्या शतकातली. आयर्लंडच्या भूमीवर लिहिलं गेलेलं आणि आपल्यापर्यंत पोहोचलेलं याहून जुनं पुस्तकी लेखन नाही. सुरुवातीच्या शतकांतल्या बहुतेक बिशप-संतांबद्दल आपल्याकडे असतात त्या इतरांनी सांगितलेल्या कथा. पॅट्रिकच्या बाबतीत खुद्द माणूसच बोलतो. असं असून पुढच्या पिढ्यांनी त्याचं बोलणं मागे टाकलं आणि चमत्कार पुढे आणले. ते कसं झालं आणि त्यात काय हरवलं, हे सांगण्यासाठी हा लेख.

त्याच्या जन्ममृत्यूच्या नेमक्या सालांवर अभ्यासकांचं एकमत नाही. ते काम त्यांच्याकडेच सोपवू. त्याचं आयुष्य पाचव्या शतकात गेलं, एवढं आपल्याला पुरेसं आहे.

त्या शतकाच्या आरंभी ब्रिटनवरची रोमची पकड सुटली. साडेतीनशे वर्षं तिथे रस्ते, शहरं, न्यायालयं आणि फौजा सांभाळणारं साम्राज्य स्वतःच संकटात सापडलं होतं. इसवी सन ४१०च्या सुमारास रोमची सत्ता तिथून कायमची उठली आणि ब्रिटनचा पश्चिम किनारा उघडा पडला. समुद्रापलीकडे आयर्लंड होतं. ते रोमच्या ताब्यात कधीच नव्हतं. तिथे शहरं नव्हती, स्वतःची नाणी नव्हती. लहान लहान टोळ्यांचे अनेक राजे एकमेकांची गुरं पळवत, एकमेकांकडून ओलीस घेत. व्यवहारात मोल मोजायचं ते गायींत, नाहीतर गुलाम बाईत. जुन्या आयरिश कायद्यांत ‘एक दासी’ हे चक्क किमतीचं माप आहे; साधारण तीन गायी म्हणजे एक दासी. बाईच्या देहाने जमिनीचा भाव आणि खुनाचा दंड मोजणारा हा समाज होता. पॅट्रिकचं पुढचं सगळं आयुष्य समजून घ्यायचं तर हा एक तपशील ध्यानात ठेवायला हवा.

पॅट्रिकचं घर ब्रिटनमधलं, खातंपितं. वडील काल्पोर्नियस हे चर्चमध्ये डीकन, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे सेवक, होते आणि रोमन पद्धतीच्या नगरसभेचे सदस्यही. आजोबा पोटिटस धर्मगुरू होते. धर्मगुरूंनी अविवाहित राहण्याचा नियम तेव्हा सगळीकडे रुजलेला नव्हता, त्यामुळे यात नवल वाटायचं कारण नाही. गावाबाहेर त्यांची शेतीवाडी होती, घरी नोकर-दासी होत्या. म्हणजे गुलामगिरी पॅट्रिकने आधी मालकाच्या ओसरीवरून पाहिली होती. धर्माच्या घरात वाढूनही त्याला त्या वयात देवाचं फारसं काही नव्हतं. धर्मगुरूंचं आपण ऐकत नसू, असं तोच लिहितो.

तो सोळा वर्षांचा असताना आयरिश लुटारूंची धाड आली. घरातली नोकरमंडळी मारली गेली किंवा पकडली गेली. पॅट्रिकला बांधून जहाजात घातलं. आपल्यासोबत हजारो माणसं अशीच नेली गेली, असं तो म्हणतो. सरकारी कागदांत या माणसांची नोंद कुठेही नाही. त्यांच्या वतीने बोलणारा एकच साक्षीदार इतिहासाला मिळाला, तो हा.

पुढची सहा वर्षं त्याने मेंढ्या राखल्या. माळावर आणि रानात मुक्काम, अंगावर पाऊस, बर्फ, दहिवर. मालकाचं नाव तो सांगत नाही. एकाच ठिकाणाचं नाव देतो, पश्चिम समुद्राजवळच्या फोक्लुटच्या रानाचं. त्या एकटेपणात तो प्रार्थना करू लागला. दिवसाला शंभर आणि रात्रीही जवळपास तेवढ्याच. पहाट व्हायच्या आत उठून, थंडीत. घरी असताना ज्या देवाकडे त्याने पाठ फिरवली होती, तो त्याला मेंढ्यांमागे हिंडताना सापडला. आपल्याकडचे धनगर खंडोबा-बिरोबाचं नाव घेत डोंगर तुडवतात. कळपामागच्या माणसाला देव जवळचा का वाटतो, हे पुणे-सातारा भागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

एका रात्री झोपेत त्याला आवाज ऐकू आला: तुझं जहाज तयार आहे. बंदर जवळ नव्हतं. दोनशे मैलांवर होतं आणि तिथे त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मालकाला सोडून पळणाऱ्या गुलामाला वाटेत कोणीही पकडू शकलं असतं. तो चालत निघाला आणि पोहोचला. जहाजाच्या नाखव्याने आधी त्याला हुसकावून लावलं. पॅट्रिक मागे फिरला, वाटेत प्रार्थना सुरू केली, ती संपायच्या आत खलाशांपैकी एकाने ओरडून त्याला परत बोलावलं. तीन दिवस समुद्रात गेले. मग किनाऱ्याला लागून अठ्ठावीस दिवस ओसाड मुलखातून पायपीट. अन्न संपलं. माणसं आणि सोबतचे कुत्रे वाटेवर कोसळू लागले. तुझा देव एवढा मोठा आहे ना, मग आमच्यासाठी माग त्याच्याकडे, असं नाखवा त्याला म्हणाला. थोड्या वेळाने समोर रानडुकरांचा कळप आला. पॅट्रिक हे सगळं चमत्काराच्या थाटात सांगत नाही. भुकेल्या माणसाला मांस मिळालं आणि त्याने देवाचे आभार मानले, एवढंच. रानमध मिळाला, तो मात्र त्याने नाकारला, कारण खलाशांनी तो आपल्या देवांना वाहिलेला होता.

काही वर्षांनी तो घरी पोहोचला. सगळ्या गोतावळ्याने एकच मागणं केलं: एवढं सोसलंस, आता आम्हाला सोडून कुठे जाऊ नकोस.

तो गेला. निवेदनातला हा भाग सगळ्यांत विलक्षण आहे. रात्री त्याला स्वप्न पडलं. व्हिक्टोरिकस नावाचा माणूस आयर्लंडहून आला आहे आणि त्याच्याजवळ असंख्य पत्रं आहेत. त्यातलं एक त्याने पॅट्रिकच्या हाती दिलं. पहिली ओळ वाचताना त्याला फोक्लुटच्या रानाजवळच्या लोकांचे आवाज ऐकू आले. ते सगळे एका सुरात त्याला पुन्हा आपल्यात येऊन वावरायला बोलावत होते. त्याच्या काळजाला असं लागलं की पुढे वाचवेना, जाग आली. ज्यांनी बांधून नेलं, ज्यांच्या मुलखात सहा वर्षं उपाशी, उघडा राहिला, त्यांची हाक. सूड म्हणून परत जाणारे इतिहासात पुष्कळ आहेत. हा त्यांना काही द्यायला निघाला.

मधल्या काळात तो कुठे शिकला, याच्या अनेक कथा पुढे तयार झाल्या. त्याने स्वतः एवढंच म्हटलं आहे की आपलं शिक्षण अर्धवट राहिलं. ज्या वयात मुलं लॅटिन घोटतात त्या वयात तो मेंढ्या राखत होता. त्याचं लॅटिन खडबडीत आहे आणि त्याची लाज तो निवेदनभर वागवतो. मी अडाणी, मी गावंढळ, विद्वान मला हसतील, हे तो पुन्हा पुन्हा लिहितो आणि लिहायचं थांबत नाही.

आयर्लंडला आलेला तो पहिला बिशप नव्हता. अॅक्विटेनच्या प्रॉस्परने ४३१ सालच्या नोंदीत म्हटलं आहे की पोप सेलेस्टीन यांनी पॅलेडियस नावाच्या माणसाला आयर्लंडमधल्या ख्रिस्ती लोकांचा पहिला बिशप म्हणून पाठवलं. म्हणजे तिथे आधीपासून थोडेफार ख्रिस्ती होते. बरेचसे बहुधा पॅट्रिकसारखेच पकडून आणलेले. परंपरेने पॅट्रिकच्या आगमनाचं साल ४३२ धरलं, पॅलेडियसच्या लगेच पुढचं. त्यामुळे पॅलेडियस कथेतून चटकन बाजूला होतो आणि सगळं श्रेय एकाच नावावर जमा होतं. पॅट्रिक पॅलेडियसपेक्षा वेगळ्या भागात वावरला असावा. जगाच्या शेवटच्या टोकाला, जिथे आजवर कोणी पोहोचलं नव्हतं तिथे आपण गेलो, असं तो सांगतो.

त्याचं रोजचं काम कसं चाले, याचे तपशील बोलके आहेत. टोळीच्या हद्दीतून सुखरूप जायचं तर राजाला भेटी द्याव्या लागत, राजाच्या मुलांना पैसे देऊन सोबत घ्यावं लागे. न्याय देणाऱ्या मंडळींना त्याने मिळून पंधरा माणसांच्या किमतीएवढं धन वाटलं, हा त्याचाच हिशेब. स्वतः मात्र कोणाकडून काही घेत नसे. भाविक बायका आपले दागिने आणून वेदीवर ठेवत आणि तो ते परत करी. त्या रुसत. तरीही परतच करी, कारण पैशासाठी धर्म करतो असं म्हणायला कोणाला जागा राहू नये. हजारोंना बाप्तिस्मा दिला, धर्मगुरू नेमले, एका पैचाही मोबदला घेतला नाही. एकदा त्याला सोबत्यांसह लुटून बेड्या घालण्यात आल्या. चौदाव्या दिवशी सुटका झाली. आपण मारले जाऊ किंवा पुन्हा गुलाम होऊ, ही शक्यता त्याने रोजची धरली होती.

आपल्या अनुयायांमध्ये त्याला सर्वांत जास्त कळवळा आहे तो ख्रिस्ती झालेल्या दासींचा. त्यांना सगळ्यांहून जास्त सोसावं लागतं, धाक आणि दहशत सहन करावी लागते, तरी त्या मागे हटत नाहीत, असं तो लिहितो. दासीचं माप करून गायी मोजणाऱ्या देशात हे लिहिलं गेलं आहे. त्या काळच्या बिशपांच्या लेखनात गुलाम बाईकडे इतक्या जवळून पाहणारी ओळ शोधावी लागेल.

मग घरातूनच घाव बसला. ब्रिटनमधल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्यावर आरोप ठेवले. डीकन होण्यापूर्वी त्याने मन मोकळं करायला एका जिवलग मित्राला आपली एक चूक सांगितली होती. ती चूक त्याच्या हातून पंधराव्या वर्षाच्या आत, तासाभरात घडलेली होती. तीस वर्षांनी ती उकरून काढली गेली आणि मित्रानेच ती सगळ्यांसमोर उघड केली. चूक काय होती ते पॅट्रिक सांगत नाही. मित्राबद्दल मात्र त्याला फार वाईट वाटतं. याच माणसाने मला बिशप व्हायला लायक म्हटलं होतं, हे तो नमूद करतो. त्याचं निवेदन ही या आरोपांना दिलेली कैफियत आहे, असं म्हणता येईल. पण फिर्यादींना उत्तर देता देता ती देवाच्या आभाराची होते.

दुसरं लेखन या सगळ्याहून धारदार आहे. कोरोटिकस नावाचा एक सरदार होता, बहुधा ब्रिटनमधला आणि नावापुरता ख्रिस्तीच. त्याच्या सैनिकांनी आयर्लंडवर धाड घातली. पॅट्रिकने आदल्याच दिवशी ज्यांना बाप्तिस्मा दिला होता, त्या माणसांवर ते तुटून पडले. त्यांच्या अंगावर अजून बाप्तिस्म्याची पांढरी वस्त्रं होती, कपाळावर पवित्र तेलाचा वास होता. कित्येकांना कापून काढलं, उरलेल्यांना, त्यात तरुण मुलीही होत्या, विकायला नेलं. पॅट्रिकने लहानपणापासून शिकवलेल्या एका धर्मगुरूच्या हाती निरोप पाठवला: लूट ठेवायची तर ठेवा, माणसं परत द्या. सैनिक हसले.

तेव्हा त्याने उघडं पत्र लिहिलं. कोरोटिकसच्या माणसांना तो आपले देशबंधू म्हणायला तयार नाही. ते सैतानाचे देशबंधू आहेत, असं ठणकावतो. त्यांच्यासोबत कोणी जेवू नये, पाणी पिऊ नये, त्यांच्याकडून दानधर्म घेऊ नये, ते अश्रू ढाळून प्रायश्चित्त घेत नाहीत आणि पकडलेल्यांना सोडत नाहीत तोवर त्यांना वाळीत टाकावं, असं फर्मावतो. गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्समधले, ख्रिस्ती लोक पकडलेल्यांची पैसे भरून सुटका करतात आणि तुम्ही ख्रिस्ती म्हणवून आपल्याच भावंडांना परक्यांना विकता, हा त्याचा सवाल आहे. मारल्या गेलेल्यांसाठी तो रडतो. तुम्ही माझी मुलं होतात, मी तुम्हाला वाचवू शकलो नाही, असं लिहितो. ही भाषा शिकलेल्या वक्त्याची नाही. हे ज्याच्या स्वतःच्या हातांना दोर लागले होते त्याचं लेखन आहे.

पत्राचा परिणाम काय झाला, ते कुठेही नोंदलेलं नाही. मुली परत आल्या की नाहीत, इतिहास सांगत नाही.

इथून पुढे दंतकथेचा काळ सुरू होतो. पॅट्रिकच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी, सातव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्यूरखू आणि तीरेखान या दोन आयरिश लेखकांनी त्याची चरित्रं लिहिली. तोवर आयर्लंडची परिस्थिती बदलली होती. मठ श्रीमंत झाले होते, मठामठांत वर्चस्वाची चढाओढ लागली होती. उत्तरेतल्या आर्माच्या मठाचं म्हणणं होतं की पॅट्रिकची गादी आमच्याकडे, म्हणून साऱ्या आयर्लंडचं चर्च आमच्या अधिकाराखाली. दक्षिणेत संत ब्रिजिडच्या किल्डेअरचं म्हणणं निराळं होतं. अशा वादात नम्र, आरोप झालेला, दागिने परत करणारा बिशप उपयोगाचा नसतो; राजांना नमवणारा हवा असतो. म्हणून तीरेखानचा पॅट्रिक गावोगाव फिरत चर्चं उभारतो आणि त्यातलं प्रत्येक आर्माच्या हिशेबात जमा होतं. म्यूरखूचा पॅट्रिक त्याहून भव्य आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री तो स्लेनच्या टेकडीवर अग्नी पेटवतो. त्या रात्री टारा इथल्या राजाच्या आधी कोणी विस्तव पेटवला तर त्याला देहदंड, अशी राजाज्ञा असते. राजा लोइगरे रथ जोडून चालून येतो, त्याचे मांत्रिक पॅट्रिकशी सामना करतात, एक हवेत उचलला जाऊन आपटून मरतो, दुसरा आगीत जळतो. ज्या मालकाकडे पॅट्रिक गुलाम होता, तो आपला जुना गडी परत येतोय हे कळताच घरदारासह स्वतःला पेटवून घेतो, हीसुद्धा म्यूरखूचीच कथा.

आणि कोरोटिकस? म्यूरखू सांगतो की पॅट्रिकने प्रार्थना केली आणि तो जुलमी राजा भर दरबारात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोल्हा होऊन पळाला, पुन्हा कोणाला दिसला नाही.

ही कथा मी पत्राच्या शेजारी ठेवून वाचली, तेव्हा दंतकथा काय काम करते ते मला नीट कळलं. पत्रात अन्याय आहे, रडणारा बिशप आहे आणि उत्तर न मिळालेली मागणी आहे. कथेत अन्याय करणाऱ्याला शिक्षा झाली, हिशेब मिटला. लोकांना असा शेवट हवा असतो आणि तसा हवासा वाटण्यात काही गैर नाही. पण कोरोटिकसचा कोल्हा झाल्यावर पकडून नेलेल्या त्या मुली कथेतून नाहीशा होतात. त्यांच्याविषयी विचारायचं कोणाला सुचत नाही.

सन ८०७च्या सुमारास आर्मामध्ये फर्डोमनाख नावाच्या लेखनिकाने एक पोथी लिहिली. ती ‘आर्माची पोथी’ आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तिच्यात म्यूरखू आहे, तीरेखान आहे, आर्माच्या हक्कांचे कागद आहेत आणि पॅट्रिकचं निवेदनही आहे, पण तोडलेलं. त्यातले बरेच परिच्छेद तिथे नाहीत. कोरोटिकसच्या सैनिकांना लिहिलेलं पत्र तर त्या पोथीत अजिबात नाही. ते दुसऱ्या, पुढच्या काळातल्या हस्तलिखितांमुळे वाचलं. या पोथीचं वजन किती होतं, ते १००५ साली दिसलं. आयर्लंडचा बलाढ्य राजा ब्रायन बोरू आर्माला आला, त्याने वेदीवर वीस औंस सोनं ठेवलं आणि त्याच्या धर्मगुरूने त्याच पोथीत त्याचा ‘आयरिशांचा सम्राट’ असा उल्लेख करून ठेवला. दागिने परत करणाऱ्या माणसाच्या नावाने हे सोनं स्वीकारलं गेलं.

साप त्याच्याही नंतर आले. हिमयुगानंतर आयर्लंड समुद्राने वेढलं गेलं आणि साप तिथे पोहोचलेच नाहीत. सोलिनस या रोमन लेखकाने पॅट्रिकच्या जन्माआधीच या बेटावर साप नसल्याचं लिहून ठेवलं होतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस जोसलिन नावाच्या साधूने लिहिलेल्या चरित्रात पॅट्रिक त्यांना हाकलतो. त्याच काळात वेल्सचा जेराल्ड हा प्रवासी लेखक आयर्लंड पाहून आला आणि इथे साप मुळातच नसावेत असं त्याने स्पष्ट लिहिलं. पण लोकांनी जोसलिनचं मानलं. नागपंचमीला वारूळ पुजणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना सापांना देशोधडीला लावणारा संत थोडा परका वाटतो. युरोपात सापाचं नातं थेट सैतानाशी, त्यामुळे तिथे ही कथा सहज रुजली. तीन पानांच्या गवताने त्याने त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावलं, ही गोष्ट आणखी उशिराची; तिची लेखी नोंद १७२६च्या आधी सापडत नाही. त्याच्या नावाशी जोडलेला रंगही आधी निळा होता.

हे वाचून दंतकथांचा राग यायचं कारण नाही. महाराष्ट्राला ही वाट ओळखीची आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी, १७६२ साली, महिपतींनी ‘भक्तविजय’ पूर्ण केला आणि रेड्याच्या मुखातून वेद, चालणारी भिंत या कथा घरोघर पोहोचल्या. त्या कथांनी भक्ती जिवंत ठेवली, हे खरंच. मात्र आपल्याकडे एक भाग्य असं की वारकऱ्याने भिंतीची कथा सांगितली तरी हातातली ज्ञानेश्वरी सोडली नाही. ग्रंथ आणि कथा दोन्ही एकाच दिंडीत चालले. आयर्लंडमध्ये जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक, कित्येक जण अनवाणी, ७६४ मीटर उंचीच्या क्रो पॅट्रिक डोंगरावर चढतात, कारण तिथे पॅट्रिकने चाळीस दिवस उपास केला अशी श्रद्धा आहे. त्या वाटेवरचा भाव आपल्याला नवा नाही. त्यांच्या हातात पत्रही असावं, एवढंच वाटतं.

पॅट्रिक पुण्यात आला तो सैनिकांच्या पाठीवरून. पुण्यातलं पहिलं कॅथलिक चर्च पेशवाईतलं. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या पदरच्या ख्रिस्ती सैनिकांसाठी जागा दिली आणि १७९२ साली क्वार्टर गेटजवळ ते उभं राहिलं, आजचं सिटी चर्च. पंचवीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ला, खडकीची लढाई झाली. पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या कंपनीच्या फौजेत बॉम्बे युरोपियन रेजिमेंट होती. पुढे १८८१ साली याच पलटणीची ‘रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स’मधली एक बटालियन झाली आणि खडकीचा मान डब्लिनच्या नावाच्या पलटणीच्या निशाणावर चढला. पेशवाई बुडाल्यावर पुण्याला इंग्रजांचा मोठा कॅम्प झाला, वानवडीला गोऱ्या पलटणींच्या बराकी आल्या. महादजी शिंद्यांनी १७९४मध्ये जिथे देह ठेवला, त्याच वानवडीत.

त्या बराकींमध्ये आयरिश फार होते. १८३०च्या सुमारास ब्रिटिश फौजेत दर दहा शिपायांत चार आयरिश होते. कारण सरळ आहे, घरी पोट भरत नव्हतं. जमिनी इंग्रज जमीनदारांच्या, कॅथलिकांवर कित्येक पिढ्या निर्बंध. १८४५ला बटाट्यावर रोग पडला आणि चार-पाच वर्षांत आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, तेवढीच देश सोडून गेली. अशा घरांतली मुलं लाल डगला चढवून पुण्यात येत. १८५० साली या आयरिश सैनिकांसाठी चर्च उभं राहिलं, तेव्हा त्याला कुणाचं नाव द्यायचं हा प्रश्नच नव्हता. आपल्या मुलखातून उचलला जाऊन परक्या देशात दिवस काढणारा पोरगा, हे त्यांचंही वर्णन होतं. फरक होता तो हातातल्या बंदुकीचा. पॅट्रिक निःशस्त्र परतला होता; ही मुलं जिंकलेल्या देशातून दुसरा देश जिंकून ठेवायला आली होती. त्यांच्यातल्या काहींना हा विरोधाभास पुढे सोसला नाही. १९२०मध्ये जालंधर आणि सोलन इथे कनॉट रेंजर्सच्या आयरिश सैनिकांनी आपल्या देशातल्या इंग्रजी अत्याचारांच्या निषेधार्थ शस्त्रं खाली ठेवली. जेम्स डेली या तरुणाला त्यासाठी गोळ्या घालण्यात आल्या.

१८८६ साली पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप बर्नार्ड बायडरलिंडेन जर्मन जेझुइट होते. आयरिश शिपायांचं चर्च बिशपांचं कथीड्रल झालं. पलटणी गेल्या, संताचं नाव राहिलं. १९४९मध्ये अँड्र्यू डिसोझा हे पहिले भारतीय बिशप या गादीवर आले. २००९ ते २०२३ या काळात इथे थॉमस डाबरे होते, वसईचे, मराठी घरातले. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता तुकोबांचा देवानुभव. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपलं शिक्षण कमी, आपली भाषा अडाणी असं म्हणत लिहीत राहिलेल्या संताच्या नावाच्या कथीड्रलमध्ये, आपण जातीने हीन, आपल्याला अधिकार नाही असं म्हणत अभंग लिहिणाऱ्या तुकोबांचा अभ्यासक बसला.

पत्राच्या शेवटी पॅट्रिकने एक विनंती केली आहे. हे पत्र कोणी दडवून ठेवू नये; ज्याच्यात धाडस असेल त्याने ते सगळ्या लोकांसमोर, आणि खुद्द कोरोटिकसच्या तोंडावर, मोठ्याने वाचावं. ते फार लांबही नाही, अर्ध्या तासात वाचून होतं. १७ मार्चला सेंट पॅट्रिकचा सण येतो. त्या दिवशी पुण्यातल्या कथीड्रलमध्ये ते मराठीतून वाचलं जावं, आणि ऐकायला चर्चबाहेरचे पुणेकरही जावेत. माणसं विकत घेण्याचे, वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात उचलीपायी अडकवून ठेवण्याचे व्यवहार आपल्याकडे संपलेले नाहीत. ज्यांच्यासमोर ते वाचायला हवं असे लोक अजून आहेत.